वहीची उलटी दिनदर्शिका

घाऊक वह्या छापून घेणारा ग्राहक पहिल्याच फोनवर विचारतो, की छापायला किती दिवस लागतील. प्रश्न साधा असला तरी त्याचे खरे उत्तर ऐकून त्याची अडचण वाढते, कारण वहीच्या सगळ्या प्रवासात छपाईचा तुकडा सर्वांत लहान असतो. नाशिकच्या शाळा, पतसंस्था, रुग्णालये आणि कारखाने यांच्यासाठी त्यांच्या नावाच्या वह्या-डायऱ्या करून घेण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे. माझा स्वतःचा छापखाना नाही. एका बाजूला ग्राहक आणि दुसऱ्या बाजूला सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतली छपाईयंत्रे व जुन्या नाशकातले बाइंडर, यांच्या मधल्या जागेत माझे काम चालते. तिथे बसले की दिवस कुठे खर्च होतात ते नीट दिसते. यंत्रावर ते फारसे जातच नाहीत. ते वाट पाहण्यात जातात, आणि बहुतेक वेळा ज्याची वाट पाहायची तो कागद ग्राहकाच्याच टेबलावर पडलेला असतो.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, डेमी वन-एट आकाराच्या, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या, 160 पृष्ठांच्या 2000 वह्या हव्या आहेत. 23 बाय 36 इंचांच्या एका तावातून या आकाराची 32 पृष्ठे निघतात, म्हणजे एका वहीला पाच ताव आणि सगळ्या कामाला 10,000 ताव लागतात. ते झाले 20 रीम. यंत्र लावताना आणि कापताना जे वाया जाते त्यासाठी एक रीम वाढवायचा. 70 जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला 70 ग्रॅम भरणाऱ्या, या मापाच्या एका रिमाचे वजन पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरते, त्यामुळे सगळा कागद चारशे किलोच्या आत बसतो आणि एका छोट्या हत्तीतून एकाच फेरीत येतो. आतली सगळी पाने सारखीच, रेघा आणि तळाशी संस्थेचे नाव एवढेच असलेली, असे धरले तर प्लेट एकदाच लागते. दोन्ही बाजू मिळून 20,000 छाप होतात, आणि ताशी चार-पाच हजार छाप देणाऱ्या ऑफसेट यंत्राला हे एका पाळीचे काम आहे. सकाळी सुरू केले तर संध्याकाळी संपते.

आता याच वहीला पक्की, शिवलेली, पुठ्ठ्याची बांधणी हवी असेल तर पुढे काय होते ते पाहा. 160 पृष्ठांचे सोळा पानी दहा फर्मे, म्हणजे एकत्र घडी घालायचे जुडगे, होतात, म्हणजे 2000 वह्यांसाठी 20,000 फर्म्यांना घडी घालायची, ते क्रमाने लावायचे, जुजबंदीची, म्हणजे फर्मे एकमेकांना जोडणारी, शिलाई करायची, कण्याला सरस लावून तो वाळू द्यायचा, तीन बाजूंनी कटिंग करायचे. दुसरीकडे वेष्टणाचा कागद छापायचा, त्याची शाई वाळली की लॅमिनेशन करायचे, सोनेरी अक्षरे हवी असतील तर फॉइलचा ब्लॉक करवून आणायचा, पुठ्ठे मापात कापून त्यांवर ते वेष्टण चढवायचे, मग अस्तराला खळ लावून आतला गठ्ठा पुठ्ठ्यात बसवायचा आणि निदान एक रात्र तरी दाबाखाली ठेवायचा. यांतल्या बऱ्याच कामांना अजून माणसांचे हात लागतात. म्हणून वह्यांची संख्या दुप्पट झाली, तर छपाई काही तासांनी लांबते, पण बांधणी जवळजवळ दुप्पट दिवस घेते. ‘हजाराऐवजी दोन हजार करा, यंत्र चालूच आहे ना,’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाच्या डोळ्यांसमोर फक्त यंत्र असते. शिलाईला बसलेल्या बायका त्याने पाहिलेल्या नसतात.

वहीची बांधणी कोणती, हे ठरले की निम्मे वेळापत्रक ठरते. मधोमध दोन पिना मारलेली साधी वही प्रूफवर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या नमुन्यावर, सही झाल्यापासून आठ-दहा दिवसांत सहज मिळते. परफेक्ट बाइंडिंगमध्ये, म्हणजे शिलाईऐवजी कण्याला गोंद लावून केलेल्या बांधणीत, गरम गोंद क्षणात घट्ट होतो, त्यामुळे तशा वहीला त्याहून थोडेच जास्त दिवस लागतात. वायरोची वही छिद्रे पाडण्याच्या आणि तार ओवण्याच्या कामात अडकते. पुठ्ठ्याच्या शिवलेल्या वहीला मात्र मी तीन आठवड्यांच्या आत हो म्हणत नाही, आणि फॉइल किंवा उठावाचे काम असेल तर चार आठवडे मागते. ग्राहक हे आकडे ऐकून दुसरीकडे चौकशी करतो. तिथे त्याला ‘आठ दिवसांत देतो’ असे उत्तर मिळते. ते उत्तर खोटे असते असे नाही, पण ते आठ दिवस कधीपासून मोजायचे हे त्यात सांगितलेले नसते.

ग्राहक ते फोन ठेवल्यापासून मोजतो. छापखाना मोजतो ते अंतिम फाइल हाती आली, प्रूफवर सही झाली, आगाऊ रक्कम जमा झाली आणि कागद गोदामात उतरला, या चारही गोष्टी पुऱ्या झाल्यापासून. या दोन मोजण्यांत जे अंतर पडते, त्यात वेळापत्रके बुडतात. म्हणून मी आता दिवस सांगतच नाही, तारखा लिहून देते: अमुक तारखेपर्यंत सही आली तर अमुक तारखेला माल, आणि सही जितकी पुढे जाईल तितका माल पुढे, किंबहुना त्याहून जास्तच पुढे. जास्त यासाठी, की यंत्रावरचा आपला क्रम एकदा हुकला की दुसऱ्याचे काम आत येते, आणि मग दोन दिवसांच्या उशिराची किंमत पाच दिवस होते.

मोजणी उलटी करावी लागते. लग्नघरात मुहूर्त आधी ठरतो आणि हळद, साखरपुडा, पत्रिका सगळे त्याच्या मागे मागे बसवले जाते, तसेच वह्यांचे आहे: वितरणाचा दिवस भिंतीवर लिहून तिथून मागे यायचे. त्या दिवसाच्या आधी दोन दिवस मोजणी आणि वाटणीसाठी, त्याआधी एक दिवस पॅकिंग-वाहतुकीला, त्याआधी बांधणी, त्याआधी छपाई, त्याआधी कागद, आणि सर्वांत मागे, जिथे बहुतेकांना काहीच काम दिसत नाही तिथे, मजकूर आणि प्रूफ. राखीव दिवस बहुतेक जण शेवटी ठेवतात. माझा अनुभव असा, की त्यांतले निम्मे तरी अगदी सुरुवातीला, प्रूफपाशी, ठेवायला हवेत. बांधणीतला उशीर बाइंडरला दोन माणसे वाढवून थोडाफार भरून काढता येतो. अध्यक्ष परगावी असल्यामुळे अडलेली सही कोणतेही यंत्र भरून काढत नाही.

प्रूफविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण खरी गंमत आणि खरा मनस्ताप तिथेच आहे. पहिला अडथळा बोधचिन्हाचा. ते वॉट्सॲपवरून येते, बहुधा जुन्या पत्रिकेचा मोबाइलने काढलेला फोटो म्हणून. मोबाइलच्या पडद्यावर ठीक दिसते आणि छापल्यावर कडा फुटतात. मग मूळ फाइल कुणाकडे आहे याचा शोध सुरू होतो, आणि ज्याने ती पूर्वी केली त्याने दुकान बदललेले असते. दुसरा अडथळा मराठी अक्षरांचा. संस्थेचा लिपिक मजकूर युनिकोडमध्ये टाइप करतो, मांडणी करणारा तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आणतो, आणि त्या रूपांतरात रफार एक अक्षर पुढे सरकतो, पहिली वेलांटी भलत्याच व्यंजनाला चिकटते, जोडाक्षर सुटून हलंत उघडा पडतो. ‘सर्वोदय’, ‘कीर्ती’, ‘कार्याध्यक्ष’ असे शब्द म्हणूनच डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे चित्रासारखे आकार करून, पाठवली की दुसऱ्या संगणकावर ती बदलत नाही, पण कर्व्ह करण्याआधीची चूकही मग तितकीच पक्की होऊन बसते. तिसरा अडथळा तांत्रिक नाही: विश्वस्तांच्या नावांचा क्रम. एका संस्थेचे प्रूफ फक्त या कारणासाठी टेबलावरून टेबलावर फिरत राहिले, तोवर आमचा छपाईचा क्रम निघून गेला होता. वह्या मिळाल्या, पण कार्यक्रमानंतर.

यावर मी ग्राहकांना दोन गोष्टी सुचवते. सही करणारी व्यक्ती एकच असावी आणि तिचे नाव कामाच्या पहिल्या दिवशी लेखी ठरावे. बाकीच्यांनी आपापले म्हणणे तिच्याकडे द्यावे. आणि रंगीत प्रूफ पाहण्याआधी त्याच कागदाची, त्याच बांधणीची कोरी डमी हातात घ्यावी. डमी पाहिल्यावर ‘ही फार जाड वाटते’ किंवा ‘शाईचे पेन मागे उमटते’ हे जे लक्षात येते, ते पडद्यावरच्या चित्रातून कधीच लक्षात येत नाही, आणि कागद विकत घेऊन झाल्यावर लक्षात आले तर त्याचा उपयोग नसतो.

कागदाचेही स्वतःचे वेळापत्रक असते. पांढरा मॅपलिथो, म्हणजे लिहिण्या-छापण्याचा साधा कागद, नेहमीच्या वजनात आणि नेहमीच्या मापात व्यापाऱ्याकडे तयार मिळतो. फिकट पिवळसर छटा, जास्त जाडी किंवा वेगळे माप मागितले, की तो बाहेरून मागवावा लागतो. वापीच्या परिसरात कागदाच्या गिरण्या आहेत आणि पेठमार्गे रस्ता सरळ आहे, पण पावसाळ्यात त्या घाटरस्त्यावर गाडी कधी पोहोचेल याचा भरवसा कुणी देत नाही. कुणाला छटेचाच आग्रह असेल तर मी आधी कागद पाहून येते आणि मगच तारीख बोलते. आणखी एक सवय मी ग्राहकांना लावू पाहते: पाच टक्के वह्या जास्तीच्या आधीच छापून घ्याव्यात. नंतर पन्नास वह्या कमी पडल्या म्हणून पुन्हा प्लेट, पुन्हा यंत्र, पुन्हा शिलाई असे सगळे मांडावे लागते, आणि त्या पन्नास वह्यांना पहिल्या पाचशेंइतका खर्च येतो.

आता ऋतूंकडे येते, कारण नाशकात कोणत्या महिन्यात विचारता यावर उत्तर बदलते. पूर्वी शाळांचा हंगाम एकच होता. राज्य मंडळाच्या शाळा 15 जूनच्या सुमारास उघडतात, त्यामुळे एप्रिल-मे वह्यांचे महिने असत. सीबीएसईच्या शाळांचे वर्ष एप्रिलच्या सुरुवातीला सुरू होते. त्या शाळा वाढल्या तसा मार्चअखेरचा दुसरा डोंगर उभा राहिला, आणि तो नेमका आर्थिक वर्षाच्या शेवटावर, कंपन्यांच्या उरलेल्या तरतुदी खर्च करण्याच्या घाईवर येऊन आदळतो. त्यातच रंगपंचमी. बाहेरगावच्या ग्राहकाला वाटते, धुळवड झाली म्हणजे रंग संपले. नाशकात रंग खरा खेळला जातो तो पंचमीला. जुन्या गावातल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळण्याचे हौद, उघडतात, आणि त्या दिवशी त्या गल्ल्यांतला बाइंडर काम करील ही अपेक्षाच चूक आहे. होळीला उत्तरेकडे गेलेले कारागीर परतायचे असतात ते वेगळेच. मार्चच्या वह्या मी म्हणूनच फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात यंत्रावर चढवायच्या असे धरून चालते.

दुसरा हंगाम दिवाळी आणि नव्या वर्षाच्या डायऱ्यांचा. इथे एक गोष्ट सहसा कुणी ध्यानात घेत नाही: दिवाळी सरकते, 1 जानेवारी सरकत नाही. 2026 साली ज्येष्ठ अधिक आला, त्यामुळे दसरा 20 ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. आदल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच होती. म्हणजे भाऊबीज करून माणसे गावाहून परत येईपर्यंत नोव्हेंबरचा मध्य उजाडणार, आणि डायऱ्या डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ग्राहकाच्या हाती हव्यात, कारण त्या जानेवारीत मिळाल्या तर वाटायच्या कुणाला? उरतात जेमतेम पाच आठवडे, आणि त्यांत सगळ्या शहराच्या डायऱ्या. अशा वर्षी आतली पाने दसऱ्याआधी छापून, घडी घालून ठेवलेली असली पाहिजेत. तारखा, वार, सुट्ट्या यांचा मजकूर तेवढा तपासून झालेला हवा. वेष्टणावर कुणाचे नाव टाकायचे तो वाद दिवाळीनंतर घातला तरी चालतो.

पावसाळ्याबद्दल छापखान्यातले लोक तक्रारीच्या सुरात बोलतात आणि ग्राहकाला ती सबब वाटते. पण कागद दमट हवेत ओल शोषतो आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, हे खरेच आहे. त्यामुळे चार रंगांचे काम एकावर एक नीट बसत नाही, शाई वाळायला वेळ लागतो, आणि घाई करून ताव रचले की वरच्या तावाच्या पाठीवर खालची शाई उमटते. अर्धवट वाळलेल्या शाईवर लॅमिनेशन केले तर पापुद्रा सुटतो. एकाच बाजूने लॅमिनेशन केलेले वेष्टण उघड्या बाजूने ओल घेऊन वळते, आणि खळीच्या ओलीने पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. जुलै-ऑगस्टच्या कामाला मी वाळवणीचे आणि दाबाचे दोन-तीन दिवस वेगळे लावते आणि कागद छपाईच्या आदल्या दिवशीच यंत्राजवळ उतरवून घेते. तंतूंची दिशा कण्याला समांतर ठेवा, असेही बजावते. ती चुकली तर वही उघडी राहत नाही आणि पाने लाटांसारखी दिसतात.

नाशिकरोडला 1925पासून सरकारी मुद्रणालय आहे आणि 1928पासून नोटांचा छापखाना. पासपोर्टही तिथेच तयार होतो, आणि पासपोर्ट म्हणजे शेवटी 36 पृष्ठांची बारीक शिवलेली वहीच. बाहेरगावचे लोक म्हणूनच गृहीत धरतात, की या शहरात छपाई चुटकीसरशी होत असेल. त्या भिंतींच्या आतले जग वेगळे. आपल्या वह्या ज्या गाळ्यांमध्ये होतात तिथे एक कटिंग मशीन तीन-चार छापखान्यांचे काम काढते, आणि देखभालीसाठी वीज बंद असली तर त्या दिवशी सगळेच थांबतात.

दिवस खरोखरच कमी असतील तर काय सोडायचे, हे आधी ठरवून ठेवलेले बरे. सर्वांत आधी मी आतल्या पानांवरचे संस्थेचे नाव सोडायला सांगते. बाजारात रेघा मारलेली तयार पाने मिळतात. त्यांना आपले वेष्टण लावले की छपाईची आणि कागदाची दोन्ही कामे एकदम निघून जातात, आणि प्रत्येक पानाच्या तळाचे नाव विद्यार्थी पहिल्या दिवसानंतर वाचत नाही. मग फॉइल. मग पुठ्ठा. प्रत्येकाचे नाव वहीवर छापण्याची हौस तर पहिल्याच बैठकीत सोडावी, कारण नावांची यादी शेवटच्या क्षणापर्यंत बदलत राहते. वेगळी चिकटपट्टी छापून ती वाटपाच्या आदल्या दिवशी लावता येते. दोनशेच्या आतल्या वह्यांना ऑफसेटचा अट्टहास नको, त्या डिजिटल छपाईत दोन-चार दिवसांत होतात. आणि व्यासपीठावर द्यायच्या शंभर वह्या आधी बांधून घेऊन बाकीच्या आठवड्याने घ्यायच्या, असा तुकड्यांचा करार बाइंडर आनंदाने करतो, फक्त तो त्याला शेवटच्या दिवशी नव्हे तर काम देतानाच सांगावा लागतो.

सध्या माझ्या भिंतीवर 2027चे कोष्टक तयार होत आहे. सिंहस्थाची मुख्य स्नाने त्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. 2015च्या पर्वण्यांना बाहेरून येणारी वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवली होती आणि गोदाकाठच्या गल्ल्यांतून हातगाडी नेणेही अवघड झाले होते. फलक आणि पत्रके छापणारी यंत्रे त्याच महिन्यांत भरलेली असणार, आणि लक्ष्मीपूजन तर 29 ऑक्टोबरला, म्हणजे पर्वण्या संपल्यावर दिवाळीच्या भेटवह्यांना मधे फार जागा उरत नाही. म्हणून त्या वर्षीच्या दिवाळीच्या वह्यांचा कागद जूनमध्ये उतरवायचा, आतली पाने जुलैअखेर छापून व्हायची, आणि शिलाई पंचवटी-भद्रकालीतल्या नेहमीच्या बाइंडरांकडे न देता अंबडच्या गाळ्यात करायची, असे ठरवले आहे. जुन्या गावातल्या बाइंडरांशी त्याबद्दल बोलणे झाले आहे. त्यांच्यापैकी काही जण ते दोन महिने आपली शिलाई यंत्रे अंबडला हलवायला तयार आहेत, भाड्याचा भाग कुणी उचलायचा एवढेच ठरायचे आहे.